जलसर्वेक्षकाचे विधिविषयक दायित्व

७ ऑगस्ट १९९२ रोजी रात्री ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यानजीक, कटिहंक बेटाजवळ, तळाच्या खडकांवर घासले. नकाशात तेथे ३९ फूट, म्हणजे साडेसहा वाव, खोली दर्शविली होती व तो आकडा १९३९ च्या पाहणीतून आलेला होता. जहाजाचा पाण्याखालील भाग सुमारे ३२ फूट होता. प्रत्यक्षात खडक नकाशातील खोलीपेक्षा वर होते; शिवाय उथळ पाण्यातून वेगाने जाणारे जहाज अधिक खाली बसते, आणि हे जहाज सुमारे २५ नॉट वेगाने चालले होते. शासकीय चौकशीत मुख्य ठपका पायलट व जहाजाचे अधिकारी यांच्यावर आला, कारण मार्गाविषयी त्यांच्यात आधी विचारविनिमयच झाला नव्हता.

मग १९३९ च्या सर्वेक्षकाकडे कोणते दायित्व उरते? त्या काळी ठराविक अंतरावरील रेषांवर खोली मोजली जाई व दोन रेषांमधील तळ न पाहिलेलाच राही. सर्वेक्षकाची सावधगिरी त्याच्या काळच्या मान्य पद्धतीनेच मोजली पाहिजे. पुढे निघालेल्या सोनारच्या दृष्टीने त्यास दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेची ‘एस-४४’ ही मानके १९६८ पासून प्रसिद्ध होत आहेत. सर्वेक्षणाच्या वेळी लागू असलेली आवृत्ती हाच येथे स्वाभाविक मापदंड होय.

राज्याच्या दायित्वाचा विचार करताना ‘इंडियन टोइंग’ हा १९५५ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मूलगामी ठरतो. (नावातील ‘इंडियन’ शब्दाचा भारताशी संबंध नाही.) शँडेलूर बेटावरील दीप विझला होता व बार्ज उथळावर चढून माल भिजला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले की, दीप चालविणे शासनास बंधनकारक नसले, तरी एकदा ते काम अंगावर घेतल्यावर रास्त काळजी घेणे भागच आहे. नकाशांना हे तत्त्व सहज लागू पडते. तथापि कोणता समुद्र प्रथम मोजावा, हा धोरणाचा प्रश्न असून तेथे त्या देशाचा विधी शासनास संरक्षण देतो. सापडलेला खडक नोंदविण्यात झालेली हयगय मात्र निराळी.

‘सोलास’ कराराच्या पाचव्या प्रकरणातील नववा नियम राज्यांवर जलसर्वेक्षणाची व नकाशे प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकतो, तर सत्ताविसावा नियम नकाशे अद्ययावत ठेवण्याची अट घालतो. म्हणजे नाविकास जबाबदारीतून सूट नाही.

खाजगी सर्वेक्षकाची स्थिती अधिक बिकट आहे. त्याचा करार बंदराशी असतो. आकडे वापरणारा मात्र परका कप्तान असतो. ‘हेडली बर्न’ या १९६३ च्या इंग्लिश निर्णयाने करार नसतानाही निष्काळजी विधानाबद्दल दायित्व उद्भवू शकते असे ठरविले. पण त्याच खटल्यात जबाबदारी नाकारणाऱ्या शब्दांनी प्रतिवादी बँक सुटली. यास्तव ‘या भागाची पूर्ण पाहणी झालेली नाही’ हा नकाशावरील लहानसा मजकूर सर्वेक्षकाच्या दृष्टीने खोलीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.