दाढ काढण्याआधी

चेहरा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला जाणता डॉक्टर आधी एवढंच सांगतो, ‘कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा.’ कुणी एकाच दाढेवर बोट ठेवतं, कुणी सगळा तळहात कानशिलावर दाबून धरतं, कुणी तोंड उघडून कानापुढचा सांधा दाखवतं. आणि एखादं माणूस बोट गालापासून दोन इंच लांबच धरतं, गालाला टेकवतच नाही. तिथं न्यूरॉलॉजिस्ट सावध होतो.

माझी आत्या असंच दाखवायची. ती मावल्याला राहते. आदिलाबाद शहराला लागून, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. उत्तरेला थोड्याच अंतरावर पैनगंगा आणि तिच्या पल्याड यवतमाळ जिल्हा. त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दवाखान्यात जमेल तशी हिंदी. ‘दाढ दुखती’ एवढंच ती हिंदीत सांगू शकायची, आणि ऐकणाराही दाढच पाहायचा. उजवीकडची वरची एक दाढ काढली. दुखणं राहिलं. शेजारची काढली, तरी राहिलं. मग कुणी सायनस म्हणालं; वाफारे झाले, अँटिबायोटिक झाली. घरच्यांनी लवंग, तव्याचा शेक, कानाला रुमाल, सगळं करून पाहिलं. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक. त्या दिवसांत ती ऑटोत बसायलाही घाबरायची, कारण वाऱ्याची झुळूक गालाला लागली की संपलं.

दाढ खरोखर किडलेली असते तेव्हा तिच्या खुणा वेगळ्या असतात. थंड पाणी लागलं की कळ येते आणि पाणी गिळल्यावरही ती रेंगाळते. दंतवैद्यानं आरशाच्या दांडीनं त्या दाढेवर हलकं ठोकलं की रोगी कळवळतो. रात्री ठणक्यानं झोप मोडते. आत्याला यातलं काहीच नव्हतं. रात्री ती शांत झोपायची. कुणी विचारलंच नाही म्हणून तिनंही ते सांगितलं नाही.

मी तिच्यापाशी राहायला गेलो तेव्हा एक वही केली. कधी दुखलं, काय करताना, किती वेळ, एवढंच लिहायचं. ‘अर्धा अर्धा तास दुखते बाबू,’ असं तिचं म्हणणं होतं. मी घड्याळ लावून पाहिलं. एकेक चमक दोन-चार सेकंदांची. पण एकीमागून एक येत राहायची, मधे क्षणभर उसंत, पुन्हा चमक. ती जिथं असेल तिथं थिजायची. घास तोंडात तसाच, डोळ्यांत पाणी, हात हवेत. ‘करंट बसते तोंडात,’ एवढंच म्हणायची. वही भरत गेली तशी नोंदी सारख्या दिसू लागल्या : तोंड धुताना, भाकरीचा पहिला घास चावताना, चूळ भरताना, फोनवर बोलताना. झोपेत एकदाही नाही.

ती वही घेऊन आम्ही नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टांकडे गेलो. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, मग तपासलं. कापसाची बारीक वात कपाळावर, गालावर, हनुवटीवर दोन्ही बाजूंनी टेकवली. मेंदूतून निघणारी पाचवी नस चेहऱ्याची संवेदना आणते आणि तिच्या तीन फांद्या याच तीन भागांत पसरतात. कुठं बधिरपणा आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. तो असता तर गाठ किंवा नसेच्या आवरणाचा आजार आधी शोधावा लागला असता. दात घट्ट चावायला लावून जबड्याचे स्नायू चाचपले. कानापुढचा सांधा दाबला. तिथं कटकट आवाज नव्हता, दुखरेपणा नव्हता. मग कानशिलावरची धमनी बोटाखाली घेऊन पाहिली.

त्या शेवटच्या तपासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याची माहिती फार थोड्यांना असते. पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकू लागला, नजर मधेच अंधुक झाली, तर ती धमनीची सूज असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या तिचा सुगावा देतात. उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही. डोळा लाल, दुखरा आणि सोबत उलटी असेल तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आत्याच्या दुखण्याचं नाव निघालं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी १७७३ साली त्याचं नेमकं वर्णन केलं होतं. पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त आणि डावीपेक्षा उजवीकडे जास्त, असा हा आजार. बहुतेकांत कारण असं असतं : मेंदूपासून नस निघते तिथंच एखादी धमनी तिला टेकलेली असते. धमनीच्या ठोक्यांनी नसेचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तारेवर उडी मारतो. म्हणून वाऱ्यानंही कळ येते. एमआरआय काढला तो नसेच्या मुळाचे बारीक काप घेऊन. धमनीचं वळण त्यात दिसलंच, पण गाठ नाही हे कळणं जास्त मोलाचं होतं.

गोळी मिळाली कार्बामाझेपिन. मुळात फिट्सचं औषध. १९६२ पासून या दुखण्यावर वापरात. कमी मात्रेनं सुरुवात, हळूहळू वाढ, मधून मधून रक्तातलं सोडियम आणि पेशी तपासणं. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरांकडे, हे त्यांनी दोनदा बजावलं. साध्या वेदनाशामक गोळीनं जे महिनोन् महिने हललं नव्हतं ते या गोळीनं काही दिवसांतच बरंच उतरलं. चक्कर आणि गुंगी मात्र आली. गोळी पुरेनाशी झाली तर शस्त्रक्रिया आहे : धमनी आणि नस यांच्यामध्ये मऊ गादी ठेवायची. अमेरिकेतले पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून ही पद्धत रूढ केली.

सगळ्यांचं दुखणं असं नसतं. ‘मला सायनस आहे’ म्हणणारे आपल्या घराघरांत आहेत. २००४ साली अमेरिकेत अशा २,९९१ जणांना तपासलं तेव्हा सुमारे ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारची निघाली. मायग्रेनमध्येही नाक गळतं, गाल जड होतो. पण मळमळ, उजेडाचा त्रास आणि तासन् तास टिकणारं ठणकणं ही त्याची खूण. वर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं.

आत्या आता भाकरी खाते, पण तिच्या दोन दाढा परत येणार नाहीत. म्हणून एवढंच सांगतो. दाढ काढायची वेळ आली तर एक्स-रेमध्ये ती किडलेली दाखवा म्हणा. एखादा आठवडा वही लिहा आणि ती डॉक्टरांसमोर ठेवा. भाषा अडत असेल तर दोन्ही भाषा येणारं माणूस सोबत न्या. आणि नसेची गोळी सुरू झाली असेल तर आराम पडला म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका.