लग्नाचा ब्लाऊज अंगाला बसेना, तेव्हा...

तुळशीचे लग्न लागले की आमच्या गडमुडशिंगीच्या रस्त्यावर वर्दळ वाढते. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वळिवड्याच्या जुन्या छावणीच्या परिसरात ही पेठ उभी केली. आज तिथे कोल्हापूर-सांगलीबरोबरच कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमाभागातले लोकही लग्नाचा बस्ता बांधायला येतात. शालू, मानपानाच्या साड्या, नवरदेवाची शेरवानी अशी गाठोडी गाडीत चढतात. मग ब्लाऊजपीस शिंप्याकडे जातात. दोन-अडीच महिन्यांनी, हळदीच्या आदल्या दिवशी शालूवरचा ब्लाऊज घालून बघितला जातो आणि त्याचे हूकच लागत नाहीत! घरात एकदम सन्नाटा पसरतो.

आरोग्याच्या सदरात ब्लाऊजचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण दरवर्षी लग्नसराईत अशा दोन-चार नवऱ्या मुली माझ्या दवाखान्यात येतात. ब्लाऊज बसला नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे येत नाही, हे खरे. ब्लाऊज बसावा म्हणून त्यांनी जे काही केलेले असते, त्याच्यामुळे त्या येतात. म्हणून आज हा विषय.

निराशा खोटी नसते

पहिल्यांदा घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगायचे आहे. मुलगी रडू लागली तर तिला हसू नका. शालू हा आयुष्यात एकदा घेतला जाणारा कपडा. ऊसबिलातून किंवा दुधाच्या बिलातून बाजूला काढलेल्या पैशांचा. तिने तो पेठेत दहा दुकाने फिरून निवडलेला असतो. कपाटातून कितीतरी वेळा काढून, घडी उलगडून बघितलेला असतो. तो अंगात जात नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटणारच.

त्यात कुणी मावशी-काकू म्हणते, "बाई गं, केवढी सुटलीस तू!" हे वाक्य मुलीच्या जिव्हारी लागते. ब्लाऊजचा प्रश्न शिंप्याकडे सुटतो. हे वाक्य मात्र ती मांडवातून सासरी घेऊन जाते. दुसऱ्या दिवसापासून ती जेवण सोडते, तेही गुपचूप. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

शरीर रोज एका मापाचे नसते

माप घेतले त्या दिवशीचे शरीर आणि लग्नाच्या दिवशीचे शरीर यांत फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. पाळी येण्याच्या आधीचे चार-सहा दिवस शरीरात पाणी साठते. स्तन जड होतात, पोट फुगल्यासारखे वाटते, काहींचे वजन किलो-दीड किलोने वाढते. पाळी आली की ते आपोआप उतरते. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर केलेल्या वजनातही फरक पडतो.

त्यात आपल्याकडे केळवणांची रीत. लग्न ठरले की मामाकडे, आत्याकडे, शेजारी अशी आठवड्याला दोन-तीन केळवणे होतात. पुरणपोळी, श्रीखंड-पुरी, नाहीतर मटण आणि तांबडा-पांढरा. जोडीला पापड आणि लोणचे असतेच. खारट पदार्थ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केळवणाच्या एका ताटातच त्यातला मोठा वाटा पोटात जातो. बोटातली अंगठी घट्ट होते, हिरवा चुडा भरताना हात दुखतो, तसाच ब्लाऊजही आवळतो. यात आजार काही नाही.

कधी चूक मापातच असते. पुष्कळ मुली अंगाचे माप न देता जुना ब्लाऊज "मापाला" म्हणून देतात. तो वर्षा-दोन वर्षांपूर्वीचा, धुऊन आटलेला किंवा सैल पडलेला असतो. माप देताना घातलेली बॉडी वेगळी आणि लग्नात घालायची वेगळी, तरी छातीचा घेर बदलतो. सुती अस्तर आधी भिजवून न घेता लावले, तर पुढे तेही आटते. म्हणून ब्लाऊज बसला नाही म्हणजे मुलगी जाड झाली, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

उपाशी राहून काय साधते?

काही वर्षांपूर्वीची एक घटना सांगते. जवळच्याच गावातली २३ वर्षांची मुलगी. लग्नाला १२ दिवस राहिले असताना ब्लाऊज घालून बघितला, तर छातीत दोन इंच कमी. घरात कुणाला न सांगता तिने जेवण सोडले. चहा, काकडी आणि लिंबूपाणी यांवर नऊ दिवस काढले. एका मैत्रिणीने "पाणी उतरवायच्या" गोळ्या आणून दिल्या, त्याही घेतल्या. हळदीच्या दिवशी उन्हात पाटावर बसली आणि घेरी येऊन पडली. माझ्याकडे आणले तेव्हा रक्तदाब खूप उतरलेला होता, पायात गोळे येत होते. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. कोल्हापूरला पाठवून एक रात्र सलाईनवर ठेवावे लागले. लग्न वेळेवर लागले, एवढेच नशीब.

आणि ब्लाऊज? तो शिंप्याने अर्ध्या तासात दुरुस्त करून दिला. बगलेखालच्या दोन्ही शिवणी उसवल्या. आत दाबलेली माया होतीच. प्रत्येक पदरात अर्धा इंच सोडली, दोन शिवणींचे चार पदर, म्हणजे घेरात दोन इंच वाढले. जे काम अर्ध्या तासाच्या शिलाईचे होते, त्यासाठी त्या पोरीने नऊ दिवस जीव जाळला.

यातले शास्त्र समजून घ्यावे. जेवण तोडले की पहिल्या काही दिवसांत वजन भराभर उतरते, पण ते चरबीचे वजन नसते. यकृतात आणि स्नायूंत शरीराने साखरेचा एक साठा ठेवलेला असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते. उपास घडला की हा साठा आणि त्याच्याबरोबरचे पाणी जाते. दोन वेळचे जेवण सुरू झाले की दोन्ही परत येते. चरबी मात्र फारशी हललेली नसते.

पाणी उतरवायच्या गोळ्या हृदय, मूत्रपिंड आणि रक्तदाबाच्या रोग्यांसाठी आहेत. निरोगी माणसाने त्या मनानेच घेतल्या, तर सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरज नसताना घेतलेल्या थायरॉइडच्या गोळ्याही तितक्याच घातक. याच्या उलट, किरकोळ मुलींना "ब्लाऊज भरावा" म्हणून अंग भरण्याच्या पावडरी दिल्या जातात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. चेहरा गोल होतो, सूज येते, लोक म्हणतात मुलगी भरली! त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट विसरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे मांडवात उभी राहणारी दर दुसरी मुलगी आधीच रक्ताने कमी असू शकते. तिने जेवण सोडले तर घेरी ठरलेलीच. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली नसावे. बस्ता बांधायच्या आधी ही एक तपासणी जरूर करावी.

कपडा कधी खरा इशारा देतो

वर सांगितलेला फरक इंचभराचा आणि तात्पुरता असतो. पण काही वेळा कपडा आजाराची बातमी आधी देतो, तिकडे दुर्लक्ष नको.

तीन-चार महिन्यांत सगळेच कपडे घट्ट झाले असतील, सोबत थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे, पाळीची गडबड असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस, चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील, तर बीजकोशांची तपासणी हवी. फक्त पोटच वाढत असेल आणि परकराची नाडी पुरत नसेल, तर सोनोग्राफी टाळू नये.

सैल होणाऱ्या कपड्याचे तर सगळे कौतुकच करतात! एका नवरदेवाची शेरवानी दोन महिन्यांत खांद्यावरून लोंबायला लागली. व्यायामशाळेचा गुण, असे मित्र म्हणाले. तो माझ्याकडे आला भलत्याच तक्रारीसाठी. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते, म्हणाला. रक्तातली साखर ३४० निघाली. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात शरीराच्या वजनाच्या २० व्या भागाइतकी घट झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो उतरले, तर मधुमेह, क्षयरोग आणि थायरॉइड यांची तपासणी करावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर थुंकीची तपासणी करावी. ती आणि क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी

बाराव्या दिवशी बारसे असते आणि माहेरची पैठणी निघते. बाळंतिणीला वाटते, आपला लग्नातला ब्लाऊज बसेल. तो बसत नाही, आणि बसूही नये! गर्भाशय मूळ आकाराला यायला सुमारे सहा आठवडे लागतात. स्तन दुधाने भरलेले असतात. अशा वेळी घट्ट ब्लाऊज तासन् तास घातला तर दूध तुंबते, गाठी होतात, ताप येऊन स्तनाला गळूही होऊ शकतो. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे असल्याने त्या काळात आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. तिने वजन उतरवायची घाई करू नये. पैठणीवर सैल, पुढून उघडणारा साधा ब्लाऊज घालावा. बाळ मांडीवर असताना ब्लाऊजकडे कुणाचे लक्ष जात नाही.

नाडी फार आवळू नका

कपडा बसवण्यासाठी शरीर आवळणे ही आपली जुनी खोड. कमरेला रोज त्याच जागी घट्ट नाडी किंवा लुगड्याची गाठ बांधली की कातडी काळी पडते, सोलते, तिथे जखम होते. अनेक वर्षे न भरलेल्या अशा जखमेतून क्वचित त्वचेचा कर्करोगही होतो. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची माहिती २०२४ साली प्रसिद्ध केली. घाबरण्याचे कारण नाही, कारण असे फार थोड्यांना होते. पण नाडी रुंद पट्टीची असावी, गाठीची जागा बदलत राहावी आणि कमरेची जखम महिन्याभरात भरली नाही तर डॉक्टरला दाखवावी.

मग करायचे काय?

१. ब्लाऊजसाठी अंगाचेच माप द्यावे. लग्नात घालायची बॉडी घालूनच माप द्यावे.

२. शिंप्याला दोन्ही बगलेखाली इंच-दीड इंच माया ठेवायला सांगावे. मुंढा आणि दंडघेर आवळ नको. उरलेले कापड परत मागून ठेवावे, जोड द्यायला उपयोगी पडते.

३. ब्लाऊज लग्नाच्या १५ दिवस आधी हातात यावा. शालूसकट घालून बसून, वाकून, हात वर करून बघावा. मंगलाष्टकांपासून पंगतीपर्यंत तो अंगावर राहणार आहे.

४. पाळीची तारीख लग्नाच्या आसपास येत असेल, तर अर्धा इंच जास्त धरावा. पाळी पुढे ढकलायची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

५. वजन खरोखर जास्त असेल, तर लग्नाच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करावी. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे. १५५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीला ४४ ते ५५ किलो वजन योग्य. त्यात असाल तर एक ग्रॅमही उतरवायची गरज नाही.

६. जोंधळ्याची भाकरी, आमटी, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक, अंडे असे दोन वेळा नीट जेवावे. रश्शावरची तर्री, पापड, फरसाण आणि केळवणातला दुसरा वाढप यांवर हात आखडावा. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे.

७. ऐन वेळी ब्लाऊज बसला नाहीच, तर आधी शिंपी गाठावा. उपास करू नये आणि कुणाची गोळी घेऊ नये.

शेवटी आयाबायांना एक विनंती. कपडा पुन्हा उसवता येतो म्हणून शिंपी त्यात माया ठेवतो. लग्नाच्या धावपळीत आपल्या बोलण्यातही पोरीसाठी तेवढी माया राहू द्या. ब्लाऊज घट्ट झाला तर "काही बिघडत नाही, आत्ता उसवून घेऊ" एवढेच तिला म्हणावे. ती जेवून-खाऊन, हसतमुखाने मांडवात आली पाहिजे.