भाडेकरूसह घर घेताना

बंगळूरच्या बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापासून गांधी बाजारापर्यंत चालत गेलात, तर पुढे अंगण, मागे नारळ अशी जुनी घरे अजून दिसतात. १८९८ च्या प्लेगनंतर शहरातील गर्दी कमी करण्यासाठी ही वस्ती वाढवण्यात आली. यातले एखादे घर आसपासच्या भावापेक्षा बरेच स्वस्त मिळत असेल, तर हुरळून जाण्याआधी एवढेच विचारा, आत कोण राहते?

‘खरेदीखत होऊ द्या, महिन्याभरात भाडेकरू जातील,’ असे विकणारा सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर विकले म्हणून भाडेकरार संपत नाही; जुन्या मालकाच्या जागी नवा येतो, इतकेच. ‘आत कोण, कोणत्या हक्काने राहते हे मला ठाऊक नव्हते,’ ही सबबही चालत नाही. ती चौकशी खरेदीदाराने करायचीच असते.

पुढचा प्रश्न भाड्याचा. कर्नाटकात १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा जाऊन १९९९ चा कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला. बंगळूरमध्ये महिना साडेतीन हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या घरांनाच त्याचे संरक्षण आहे. म्हणजे भाडे जितके कमी, तितका भाडेकरू भक्कम! त्याच्याकडून घर सोडवून घ्यायचे, तर कायद्यात दिलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. स्वतःला राहायची खरीखुरी गरज हे एक कारण आहे. ‘मी घर विकत घेतले’ हे नाही. भाडेकरू वारला तरी त्याच्यासोबत राहणारी, त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी किंवा मुले पाच वर्षे राहू शकतात. १९४० च्या पातळीवर गोठलेली भाडी आणि ढासळणारे वाडे पाहिलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे फारसे नवे वाटणार नाही.

बंगळूरची एक रीत मात्र आपल्याकडच्या माणसाला चकवते. तिथे ‘लीज’ म्हणजे भाडेकरू मालकाकडे एकरकमी मोठी ठेव देतो, दरमहा भाडे भरत नाही आणि घर सोडताना सगळी ठेव परत घेतो. ती रक्कम विकणाऱ्याने कधीच खर्च केलेली असू शकते. करार नोंदवलेला नसेल, तर बोजाच्या दाखल्यात तो दिसतही नाही. भाडेकरू पैसे मागायला येतो तो नव्या मालकाकडे!

म्हणून बयाणा देण्याआधी भाडेकरूला स्वतः भेटा, तेही विकणाऱ्याच्या गैरहजेरीत. पावत्या पाहा, ठेव किती, किती वर्षांपासून राहतो, हे त्याच्या सहीने लिहून घ्या. घर रिकामे हवे असेल, तर साठेखतात तसे नमूद करून किमतीतला मोठा भाग ताबा मिळेपर्यंत हाती ठेवा. खरेदीनंतर भाडेकरूला लेखी कळवायला विसरू नका. तोपर्यंत त्याने प्रामाणिकपणे जुन्या मालकाला दिलेले भाडे तुम्हाला पुन्हा मागता येत नाही.

पाणी-वीज तोडून त्रास देण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकूच नका. वीस-तीस वर्षे तिथे संसार केलेल्या वृद्ध जोडप्याला दुसरीकडे बस्तान बसवायला पैसे लागतातच. ती रक्कम बोलून ठरवा आणि घराच्या किमतीत आधीच धरा. एवढे करून सौदा महाग वाटला, तर तो सोडून द्यावा.