संशयाच्या वेळचें कर्तव्य

एखादा मनुष्य मोठ्या दुखण्यांतून उठतो. दुखण्याच्या भरांत आपण देवाला कांहीं नवस बोललों, अशी त्याला पुसट आठवण असते. पण तो खरोखर बोललों, कीं बोलावासा नुसता वाटला, हें त्याला आतां निश्चित सांगतां येत नाहीं. त्यानें नवस फेडलाच पाहिजे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु अशाच प्रश्नांवरून कॅथॉलिक पंथाच्या नीतिशास्त्रांत जवळजवळ दोनशें वर्षें वाद माजला होता.

या वादाची पार्श्वभूमि जुनी आहे. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें प्रत्येक प्रौढ श्रद्धाळूनें वर्षांतून एकदां तरी धर्मगुरूपुढें पापनिवेदन करावें, असा नियम घातला. पुढें ट्रेंटच्या परिषदेनें १५५१ सालीं मोठीं पापें प्रकारवार व संख्येसह सांगावीं, असें ठरविलें. त्यामुळें धर्मगुरूच्या आसनाला न्यायासनाचें स्वरूप आलें, व कोणतें कृत्य पाप आणि कोणतें नव्हे, याची बारीक छाननी करणारे ग्रंथ निर्माण झाले.

सदसद्विवेकबुद्धीविषयीं तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं एक मोठा सिद्धान्त मांडला होता. बुद्धीचा निर्णय चुकीचा असला, तरी त्याच्याविरुद्ध वागणें हें पापच. मात्र चूक जर स्वतःच्या हयगयीनें झाली असेल, तर तिचा दोष माथीं येतोच. हें निर्णय झालेल्या बुद्धीविषयीं झालें. बुद्धि जर संशयांतच असेल, तर काय करावें? संशय तसाच ठेवून कृति करूं नये, हें सर्वांस मान्य होतें. कारण पाप असण्याचा संभव दिसत असतां पुढें जाणें म्हणजे पापाची पर्वा न करणें होय. परंतु संशय फेडावा कसा, येथें पक्ष पडले.

१५७७ सालीं बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश डोमिनिकन पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं, एखाद्या मताला सबळ आधार असेल, तर विरुद्ध मत अधिक सबळ असलें, तरी पहिल्या मताप्रमाणें वागण्यास हरकत नाहीं. यामागील तत्त्व असें कीं, जो नियम निश्चित नाहीं, तो बंधनकारक नाहीं. पीडित मनाला यानें मोठा दिलासा मिळाला. परंतु सवलतीचा गैरफायदा घेणारेही निघाले. एखाद्या ग्रंथकाराचें अनुकूल वाक्य सांपडलें, कीं वाटेल तें खपूं लागलें. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानानें १६५६-५७ सालीं अठरा पत्रें लिहून या ढिलाईची तिखट थट्टा केली. १६७९ सालीं अकरावे पोप इनोसंट यांनीं अशीं पासष्ट विधानें निषिद्ध ठरविलीं.

उलट पक्षीं, संशय असतां नेहमीं कडक बाजूच पत्करावी, असें म्हणणारेही होते. हें मतही १६९० सालीं आठवे पोप अलेक्झांडर यांनीं त्याज्य ठरविलें. अतिकडक नियमानें मनुष्य पुण्यवान न होतां हताश होतो.

मध्यम मार्ग दाखविला तो संत आल्फोन्सो लिगोरी (१६९६–१७८७) यांनीं. ते मूळचे नेपल्सचे वकील. एका खटल्यांत हार खाल्यावर १७२३ सालीं त्यांनीं वकिली सोडली. पण वकिलाची पारख सुटली नाहीं. दोन्ही बाजू सारख्याच तोलाच्या असतां प्रथम ताबा कोणाचा होता, तें पाहावें, असें त्यांचें म्हणणें. नवस बोललाच कीं नाहीं, असा संशय असेल, तर ताबा स्वातंत्र्याचा. तो मनुष्य मोकळा. परंतु नवस निश्चित बोलला असून फेडला कीं नाहीं, असा संशय असेल, तर ताबा नवसाचा. तो फेडलाच पाहिजे.

ही मोकळीक जेथें दुसऱ्याचा जीव अथवा हक्क धोक्यांत येतो, तेथें लागू नाहीं. झाडींत हालतें तें हरिण कीं माणूस, असा संशय असतां शिकाऱ्यानें बाण सोडतां कामा नये. तेथें खात्रीचीच बाजू धरली पाहिजे.

लिगोरी यांना १८७१ सालीं धर्माचार्य ही पदवी मिळाली. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सदसद्विवेकबुद्धि हें मनुष्याचें अंतरतम मंदिर होय, असें सांगून तिचा गौरव केला. आणि सत्य शोधण्याची बेपर्वाई करणाऱ्याची बुद्धि हळूहळू आंधळी होते, असा इशाराही दिला. सारांश, संशय ही पळवाट नव्हे व बेडीही नव्हे. प्रामाणिकपणें शोध केल्यावरही जो संशय उरतो, त्यांत मनुष्याला मोकळीक आहे. शोधच न करतां जो उरतो, त्यांत ती नाहीं.