खोली भरायला गॅसला वेळ लागतो

वायूला स्वतःचा आकार नसतो, ज्यात भरावा ते भांडं तो पूर्ण व्यापतो, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. खरंच आहे ते. किती वेळात व्यापतो, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

विचारलं ते १८५८ साली, उट्रेख्टच्या बाइस बॅलॉट या हवामानशास्त्रज्ञाने. आदल्याच वर्षी झुरिचला शिकवणाऱ्या रुडॉल्फ क्लाउझियस यांनी हिशोब मांडला होता, की शून्य अंश तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सरासरी ४९२ मीटर वेगाने धावतात. बंदुकीच्या गोळ्यांचेच वेग हे! मग तंबाखूचा धूर खोलीत थरच्या थर तरंगत का राहतो? एका कोपऱ्यात सोडलेल्या क्लोरीनचा वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला मिनिटं का लागतात?

आक्षेप बिनतोड होता. क्लाउझियस यांनी तो टाळला नाही, आणि त्याच वर्षी दिलेलं त्यांचं उत्तर मूळ शोधाइतकंच मोलाचं ठरलं. रेणू धावतात खरे, पण त्यांना मोकळा रस्ता मिळत नाही. आज आपल्याला आकडे ठाऊक आहेत: साध्या हवेत रेणूंचं स्वतःचं आकारमान हजारात एक भागही भरत नाही, बाकी सगळी पोकळी. तरीही मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाइतकं अंतर कापलं, की टक्कर ठरलेली. सेकंदाला काही अब्ज टकरा, दर टकरीला नवी दिशा. गर्दीच्या जत्रेत धावत सुटलेल्या पोरासारखी गत. पळापळ फार, अंतर थोडं. हवा अगदी निश्चल असती, तर निव्वळ या धक्काबुक्कीतून वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला नीट पसरायला काही दिवस लागले असते. उदबत्तीचा वास मिनिटांत पोचतो, तो पंखा, दार आणि आपली ये-जा हवा ढवळतात म्हणून.

स्वयंपाकघरात हाच उशीर जिवावर बेततो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस द्रवरूपात असतो. बाहेर पडताच तो जवळजवळ अडीचशे पट फुगतो, आणि हवेत साधारण दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो. या हिशोबाने दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीला जेमतेम सव्वादोन लिटर द्रव पुरे. तेही सगळीकडे सारखा मिसळला तर! पण हा गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड. मिसळण्याआधी तो ओट्याखाली, फरशीलगत साचतो, म्हणजे तिथे याहून कितीतरी कमी गळतीही घात करते. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला, एक्झॉस्ट फॅनच्यासुद्धा, हात लावू नये आणि बाहेर येऊन १९०६ हा मदत क्रमांक फिरवावा. पाइपने येणारा गॅस मात्र मुख्यतः मिथेन, हवेहून हलका. तो छताकडे जातो. घरातला गॅस बदलला, की हवा खेळती राहण्याची वाटही बदलते. नवी जोडणी घेताना हे कितीजण विचारात घेतात, कोण जाणे.

एकदा मिसळले, की वायू वजनाप्रमाणे पुन्हा वेगळे होत नाहीत. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असूनही सतत घुसळणाऱ्या वातावरणात ऐंशी किलोमीटर उंचीपर्यंत जवळपास सारख्याच प्रमाणात सापडतो. पण ढवळणारं कुणी नसलेल्या पडीक विहिरीत तोच, हवेत मिसळण्याआधी, तळाशी साचतो. गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, आणि त्याला वाचवायला दुसरा उतरतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता सांगते, पण हायड्रोजन सल्फाइडसारखं विष ओळखत नाही. आणि खाली मिथेन असेल तर ती ज्योतच स्फोट घडवू शकते.