दोन गोळ्यांत किती अंतर ठेवायचं?

जुन्नर असो की मंचर, नारायणगाव असो की घोडेगाव, औषधाची पिशवी हातात पडली की पहिला प्रश्न हाच येतो: "दोन गोळ्यांत किती अंतर ठेवू?" त्यामागचा समज असा की दोन औषधांचं एकमेकांशी पटत नसेल, तर अर्ध्या तासाच्या अंतराने भागतं. विषाणूविरोधी औषधं चालू असलेल्या पेशंटच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो. औषधांची गाठ पोटात पडते, तशीच यकृतात आणि मूत्रपिंडातही पडते. अंतराचा उपयोग फक्त पोटात होतो, आणि तिथेही अर्धा तास पुरत नाही.

पोटाचं उदाहरण घेऊ. एचआयव्हीसाठी सरकारी एआरटी केंद्रातून मोफत मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं असतात. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम यांच्याशी डोल्युटेग्रॅविर पोटातच बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून ते यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायचं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या, तर त्याच वेळी घेतलेलं चालतं. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र ही सवलत नाही. इथे आणखी एक गोंधळ होतो. ॲसिडिटीचं पातळ औषध आणि पॅन्टोप्राझोलसारखी गोळी ही दोन्ही लोकांच्या लेखी 'गॅसचं औषध'. पॅन्टोप्राझोलने डोल्युटेग्रॅविरला काही होत नाही, पण एचआयव्हीवरचंच ॲटाझॅनाविर किंवा रिल्पिविरिन चालू असेल, तर तीच गोळी अडचणीची ठरते. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं 'गॅसचं औषध घेतो' असं न सांगता त्याची बाटली किंवा पाकीट दाखवावं.

"आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही" हेही सरसकट खरं नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करून कित्येक आदिवासी कुटुंबांचं घर चालतं, आणि झाडपाल्याचं ज्ञान तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण लोहभस्मात लोह असतं आणि शंखभस्मात कॅल्शियम असतं, तेव्हा वरचा नियम तिथेही पाळणं शहाणपणाचं. काढा, चूर्ण, भस्म जे काही चालू असेल, ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

यकृतातली गाठ मात्र घड्याळाला जुमानत नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं, आणि ती डोल्युटेग्रॅविर झपाट्याने मोडून टाकतात. सकाळी एक आणि रात्री दुसरं घेतलं तरी फरक पडत नाही. उपाय डोस बदलण्याचा आहे: डोल्युटेग्रॅविर 50 मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा. टीबीचं औषध संपल्यावरही हा वाढीव डोस आणखी 2 आठवडे चालू ठेवतात, कारण वाढलेली विकरं लगेच उतरत नाहीत.

एचआयव्हीच्या काही उपचारांत असणाऱ्या रिटोनाविरचं काम याच्या उलट. ते विकरांना अडवतं, त्यामुळे दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळी वाढते. "पंप तर फुप्फुसापुरता असतो" असं दम्याचे पेशंट म्हणतात. पण फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड पंपातून गेलं, तरी रिटोनाविर चालू असताना ते रक्तात साचतं, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्यासारखा चेहरा सुजतो, साखर वाढते. कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन तर रिटोनाविरसोबत द्यायचंच नसतं.

मूत्रपिंडाचा धोका आपल्या भागात जास्त बोलला जायला हवा. टोमॅटो-कांद्याच्या वावरात दिवसभर वाकून पाठ धरते आणि डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं जातं. टेनोफोविर चालू असताना ही सवय मूत्रपिंडाला इजा करू शकते. मधुमेहाचं मेटफॉर्मिनही इथेच अडतं. डोल्युटेग्रॅविरमुळे ते शरीरातून कमी बाहेर पडतं, म्हणून त्याचा दिवसाचा डोस सहसा 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

हे सगळं वाचून "विषाणूवरची औषधं सुरू झाली की बाकीची बंद करावीत" असं कुणी ठरवू नये. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात झाला, आणि टॅमीफ्लू हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचलं. त्या गोळीतलं ऑसेल्टामिविर यकृताच्या विकरांत फारसं गुंतत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, तर त्याचा डोस कमी करतात. त्याच्यासाठी बीपीची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने सोडण्याचं काहीच कारण नाही.

सगळ्यात अवघड समज वेगळाच आहे: "एआरटीच्या गोळ्यांबद्दल सांगितलं तर गावभर होईल." पेशंट डेंग्यूसाठी किंवा न्यूमोनियासाठी दाखल होतो, खाटेशी नातेवाईक बसलेले असतात आणि गोळ्यांची डबी पिशवीच्या तळाशी राहते. ही भीती खोटी नाही, लोकांनी त्रास सोसलेला आहे. पण 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने पेशंटच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला मनाई केली आहे. नातेवाइकांना बाहेर थांबवून डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याचा आग्रह जरूर धरावा. सांगायला जीभ रेटत नसेल, तर डबी किंवा एआरटीचं कार्ड नुसतं पुढे करावं. तालुक्याहून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर तिथेही हे पुन्हा करावं लागेल, कारण पाठवणीच्या चिठ्ठीत ही माहिती असेलच असं नाही. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल, तर 1097 हा मोफत क्रमांक आहे, आणि कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम जाणवला, तर पेशंट स्वतः 1800-180-3024 वर नोंद करू शकतो.