डोक्यात राख घालून घेण्यापूर्वी

मुळशी म्हटले की मराठी वाचकाला धरण, सेनापती बापट आणि १९२१चा सत्याग्रह आठवतो. हिंजवडीही याच तालुक्यात आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. तिथल्या एखाद्या कचेरीत संध्याकाळी साडेपाचला बसलेला पस्तिशीतला अभियंता डोळ्यांपुढे आणू. (तो काल्पनिक आहे, पण अनेकांच्या ओळखीचा निघेल.) त्याला टीम लीडचा निरोप येतो : ‘उद्या सकाळी जरा बोलू या.’ अर्ध्या मिनिटात त्याच्या मनात नोकरी गेलेली असते, घरकर्जाचे हप्ते थकलेले असतात आणि बोटांनी एक झणझणीत उत्तर पाठवूनही दिलेले असते. वाकडच्या कोंडीत राग निवतो. रात्री जेवताना तो हसतखेळत असतो. उत्तर मात्र लीडच्या फोनवर तसेच असते.

अशा माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. भडक डोक्याचा, धांदरट, तोंडावर ताबा नसलेला, डोक्यात राख घालून घेणारा. हे सगळे शब्द स्वभावाचा निवाडा करतात. काहींच्या बाबतीत तो निवाडा चुकतो, कारण मुळाशी एडीएचडी असतो : अवधान आवरण्यातली उणीव आणि अतिचंचलता. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ असा शेरा घेऊन शाळा संपवलेल्या कितीतरी जणांना त्याचे नाव चाळिशीच्या आसपास कळते.

गंमत अशी, की निदानाच्या अधिकृत निकषांत भावनांना जागाच नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीच्या २०१३च्या आवृत्तीने प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली, सुरुवात बाराव्या वर्षाआधीची असावी असे म्हटले. पण यादी अवधान, चळवळ आणि उतावळेपणा यांचीच राहिली. पॉल वेंडर यांनी त्याच्या कितीतरी आधी यूटा विद्यापीठात प्रौढांसाठी बांधलेल्या निकषांत मात्र तापटपणा, पटकन पालटणारी मनःस्थिती आणि ताण न झेपणे ही लक्षणे होती. २०१४मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी ३४ ते ७० टक्क्यांना भावना आवरणे जड जाते, असे अंदाज पुढे आले. आकड्यांतले अंतर मोठे आहे. मोजायचे काय यावरच एकमत नव्हते.

इथे आपल्याकडच्या एका परंपरेचा विचार करावा लागतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली; अंजली जोशी यांचे ‘मी अल्बर्ट एलिस’ अनेकांनी वाचले असेल. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, घटनेबद्दलची आपली धारणा करते, हे तिचे सूत्र. आणि भावना नाहीशी करायची नसते, तिचे रूप बदलायचे असते. संतापाऐवजी नाराजी, धास्तीऐवजी काळजी, अपराधगंडाऐवजी खंत. भावनिक लवचिकतेची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

अडचण वेळेची आहे. धारणा तपासायची तर ती क्षणभर मनात धरून ठेवावी लागते, शेजारी विरुद्ध पुरावा मांडावा लागतो : गेल्याच महिन्यात लीडने कौतुक केले होते, ‘बोलू या’ तो सगळ्यांनाच म्हणतो. हे धरून ठेवण्याचे काम कार्यकारी स्मृतीचे, आणि एडीएचडीत बऱ्याचदा तीच तोकडी पडते. रसेल बार्कली यांची मांडणी अशी, की भावना सगळ्यांसारखीच येते, तिला लागणारा ब्रेक उशिरा लागतो. अशा माणसाला ऐन क्षणी ‘विवेकाने विचार कर’ सांगणे म्हणजे चष्मा हरवलेल्याला ‘नीट बघून शोध’ म्हणण्यासारखे. नंतर त्याला सगळे कळते, म्हणून लाजही दुप्पट वाटते.

मग एलिस टाकून द्यायचे का? नाही. विवेकाची जागा बदलायची. तो क्षणाच्या आधी आणि नंतर वापरायचा, आणि डोक्याबाहेर ठेवायचा. सहानंतर आलेल्या निरोपाला सकाळीच उत्तर, हा नियम कागदावर लिहून पडद्याला चिकटवावा. उत्तर लिहावे, पण मसुद्यात ठेवावे. झोप बुडालेल्या दिवशी वादाचा विषय काढू नये. धारणांची उलटतपासणी रविवारी, घडून गेलेल्या प्रसंगावर, वहीत करावी. औषधांनी अवधान सुधारते. भावनांवरचा त्यांचा परिणाम सहसा त्याहून बेताचा असतो, म्हणून ही बाजू वेगळी शिकावी लागते. आणि मनःस्थितीची भरती मिनिटांऐवजी दिवस किंवा आठवडे टिकत असेल, तर कारण दुसरेही असू शकते. ते मनोविकारतज्ज्ञानेच पाहावे.

लवचिकता म्हणजे कायमचा थंडपणा, असाही एक समज आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर जॉर्ज बोनानो यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. प्रसंग पाहून भावना उघड करणे आणि दाबणे, दोन्ही ज्यांना जमत होते, ते पुढच्या दोन वर्षांत अधिक सावरलेले दिसले. नुसते दाबता येणे पुरत नव्हते. ‘जरा गप्प बसायला शिक’ हा घरोघरचा सल्ला म्हणूनच अर्धाच उपयोगी आहे.

शिवाय सगळा भार एकट्यावर कशाला? आपल्या अभियंत्याने एखाद्या निवांत दुपारी लीडला सांगून ठेवावे, की ‘बोलू या’च्या पुढे विषयही लिहीत जा. ‘उद्या सकाळी जरा बोलू या, नव्या प्रकल्पाच्या वेळापत्रकाबद्दल.’ तीन शब्द जादा लिहायला लीडलाही फारसा वेळ लागणार नाही.